एडनाचा कोपरा

"शेपूट! शेपूट वर गेली!"

बेरिल ऑलरेनशॉ स्वयंपाकघराच्या लादीवर गुडघे टेकून ओरडली. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं, पण ओरडल्याशिवाय राहवलं नाही. रविवारची सकाळ, सहा वाजून वीस मिनिटं. एडना पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत कोपऱ्याकडे सरकत होती, ट्रक धक्क्याला लावताना मागे घेतात तशी. सगळं बरोबर चाललं होतं. फक्त कोपरा चुकला होता. तिच्या शी-शूचं घमेलं होतं खिडकीखाली आणि एडना निघाली होती फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या बेचक्याकडे.

बेरिलनं दोन्ही हात पुढे करून तिला उचललं. साधारण दीड सेकंद उशीर झाला.

"घ्या!" ती म्हणाली. "थेट माझ्या सपातेवर!"

एडनानं जांभई दिली. मग चारही पाय एकदम उचलून आडवी उडी मारली, पाठीची कमान करून दोन गिरक्या घेतल्या, टेबलाच्या पायावर डोकं आपटलं आणि जिंकल्यासारखी चुक्‌चुक्‌ करत खुर्चीखाली शिरली. हातभर लांब, मुंगसासारखं लवचीक अंग आणि डोळ्यांवरून चोराच्या फडक्यासारखा काळा पट्टा. फेरेटचा आनंद असाच असतो, त्याला कारण लागत नाही.

बेरिलनं बादली भरली. गरम पाणी, त्यात ब्लीच. आधी फ्रिजमागचा कोपरा, मग सपाता, मग हात लागलाच आहे म्हणून सगळी लादी. शेवटी घमेलं. ते वापरलंच गेलं नव्हतं, तरी तेही उकळत्या पाण्यानं धुऊन, पुसून, त्यात लाकडाच्या भुशाच्या नव्या गोळ्या घालून तिनं खिडकीखाली परत ठेवलं. उजेडात धरलं असतं तर त्यात तोंड दिसलं असतं.

"गुरुवारपर्यंत चार दिवस, एडना," ती खुर्चीखाली वाकून म्हणाली. "चार दिवस. समजलं का?"

एकतीस वर्षं बेरिलनं गावच्या हॉस्पिटलात वॉर्डांची सफाई केली होती. ऑपरेशनच्या खोल्यांसाठी मेट्रन तिलाच बोलवायची. तिनं पुसलेल्या लादीवर दुसरं कोणी पुन्हा फडकं फिरवलेलं कोणाला आठवत नव्हतं. घरीही तसंच. दर शनिवारी अख्खं घर, वरच्या मजल्यापासून खाली. सगळ्यात शेवटी क्लिफची खुर्ची. क्लिफ म्हणजे तिचा नवरा. त्याच्या केसांच्या क्रीमचा डाग खुर्चीच्या पाठीवर डोक्याच्या जागी पडायचा, आणि बेरिल तो साबणाच्या फेसानं घासून काढायची. पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर असायचा. त्रेचाळीस वर्षं त्या दोघांचं हे युद्ध चाललं होतं.

लग्नाच्या वेळी तिनं एकच अट घातली होती: फेरेट उंबरठ्याच्या आत येणार नाही. क्लिफनं ती पाळली. परसात, कोळशाच्या कोठीला लागून, त्यानं स्वतःच्या हातानं लाकडी खुराडं बांधलं. रविवारी तो आणि त्याचा मित्र स्टॅन फेरेट खोक्यात घालून माळावर बिळांतले ससे हुसकून काढायला जायचे, बाकीचा आठवडा खाणीत. त्याच्या प्रत्येक मादी फेरेटचं नाव एडना. ही सहावी. एडना हे बेरिलच्या आईचं नाव होतं. जावई म्हणून क्लिफ तिला शेवटपर्यंत पसंत पडला नव्हता.

"प्रेमानं ठेवलंय नाव," क्लिफ म्हणायचा. "दोघीही चावतात, पण मनात काही नसतं."

आता क्लिफच्या फुप्फुसांत खाणीतली धूळ होती आणि नाकात ऑक्सिजनची नळी. जिना चढणं संपलं, मग खुर्चीतून उठणं संपलं, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो टेकडीपलीकडच्या फर्नली हाउस या शुश्रूषागृहात गेला. तिथं तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बेरिल रोज बसनं जायची. तो दोन चमचे सूप घ्यायचा, "पुरे" म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी त्यानं आपणहून एक वाक्य उच्चारलं.

"एडना... माझी वाट बघत असेल."

बेरिल सरळ उठून ऑफिसात गेली. तिथली मुख्य, जनीन थ्रेलफॉल, शिकाऊ नर्स असल्यापासून तिच्या ओळखीची होती.

"भेटायला आणा की, मिसेस ऑलरेनशॉ," जनीन म्हणाली. "पंधरा-वीस मिनिटं, मांडीवर."

"भेटायला नाही. राहायला."

"राहायला? फेरेट?"

"चार नंबरच्या खोलीत मांजर आहे."

"मांजर शिकलेलं असतं हो. डॉक्टरांची हरकत नसेल, पण माझी आहे. नवं कार्पेट आहे सगळीकडे."

"ही पण शिकेल."

जनीननं पेन खाली ठेवलं. "तुम्ही शिकवणार? तुम्ही तर त्यांना दारात उभं करत नव्हता!"

"जनीन, तू पहिल्या महिन्यात लघवीचं भांडं उलटं केलंस तेव्हा कोण होतं पुसायला?"

जनीन हसली, पण मुख्य होती, त्यामुळे थोडंच. शेवटी ठरलं ते असं: गुरुवारी दहा ते चार एडना क्लिफच्या खोलीत मोकळी राहील. कार्पेटवर एकही डाग पडला नाही तर ती राहिली. एक जरी पडला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

त्याच संध्याकाळी बेरिलनं खुराड्याचं दार उघडलं, एडनाला कोटाच्या आत धरलं आणि त्रेचाळीस वर्षांचा नियम स्वतःच्या पायानं ओलांडला.

सोमवारी स्टॅन पिकर्सगिल आला. येताना त्यानं पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री, आणला होता. तो गावच्या फेरेट मंडळाचा अध्यक्ष. जत्रेत पाइपांतून फेरेट पळवायची शर्यत लागते, तिची शिट्टी वाजवायचा मान त्याचा. बूट दाराबाहेर काढून, मोज्याचं भोक दुसऱ्या पायानं झाकत तो खुर्चीवर बसला.

"खरंच आत आणलीस की!" तो म्हणाला. "मंडळात सांगितलं तर म्हणाले, स्टॅन, आज लवकर चढली वाटतं."

"तू आपला चहा पी आणि काहीतरी कामाचं सांग."

"कामाचं काय सांगू? साठ वर्षं फेरेट पाळतोय, एकालाही कार्पेटवर पाहिलं नाही." त्यानं वाकून घमेलं बघितलं. भांडी घासायचं जुनं प्लास्टिकचं घमेलं त्यानंच शुक्रवारी कापून दिलं होतं, पुढची कड बुटकी, मागची उंच. "बापरे. किती चकचकीत गं. मी यात चहासुद्धा पिईन."

"चेष्टा नको. तीन दिवसांत अकरा वेळा बाहेर आणि फक्त एकदा आत. शनिवारी. मी इतकी ओरडले की शेजारची मार्जरी भिंत ठोकायला लागली."

"मग? एकदा आत गेली म्हणजे कळलं तिला."

"तेच तर! कळलं असतं तर परत का नाही गेली? मी लगेच धुऊन-पुसून सगळं परत जागेवर ठेवलं होतं. जागासुद्धा बदलली नाही!"

स्टॅननं डोकं खाजवलं. त्यानं पेस्ट्रीचा एक तुकडा तोडून टेबलाखाली धरला. एडना बाहेर आली, तुकडा घेतला आणि खुर्चीखाली नेऊन लपवला. तिथं आधीच बेरिलचा एक मोजा, भांड्यांचा स्पंज आणि लसणाची अर्धी गड्डी होती.

"बक्षीस देऊन बघ," स्टॅन म्हणाला. "घमेल्यात गेली की काहीतरी द्यायचं. कुत्र्याला देतात तसं."

हे बेरिलला पटलं. त्या संध्याकाळी तिनं कोंबडीची कलेजी उकडून वाटाण्याएवढे तुकडे केले. शिवाय तोवर तिच्या लक्षात काही गोष्टी आल्याच होत्या. एडना दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपते. उठली की आधी जांभई, मग अंग ताणणं, मग मागे-मागे चालणं. डोळे उघडल्यापासून कोपरा गाठेपर्यंत चार मिनिटं लागतात, जास्तीत जास्त पाच. तिनं अंडी उकडायचं घड्याळ खिडकीत ठेवलं. एडनानं डोळे उघडले की ते सुरू करायचं, तिसऱ्या मिनिटाला तिला उचलून घमेल्यात ठेवायचं, आणि वाट बघायची.

मंगळवारी सकाळी एडना घमेल्यात बसली. शेपूट वर गेली. चेहरा गंभीर झाला. बेरिलनं श्वास रोखला. एडना उतरली, धावत आली आणि दोन पायांवर उभी राहिली.

"शाब्बास! शाब्बास माझी राणी!" बेरिलनं कलेजीचा तुकडा दिला आणि घमेल्यात डोकावली.

घमेलं कोरडं ठणठणीत होतं.

एडना परत गेली. बसली. शेपूट वर केली. उतरली. हजर झाली. घमेलं पुन्हा कोरडंच.

"अगं लबाडे!" बेरिल म्हणाली. "सोंग करतेस होय! माझ्या आईवर गेलीस. तीही चर्चमध्ये गुडघे टेकून डोळे उघडे ठेवायची, कोणाची टोपी कशी आहे ते बघायला."

त्यानंतर सहाव्या मिनिटाला एडना क्लिफच्या खुर्चीमागे गेली आणि तिथं सोंग केलं नाही.

बेरिलनं बादली भरली. भरताना पहिल्यांदाच तिचा हात थांबला. फेस हळूहळू खाली बसत होता. गुरुवारी दहा वाजता जनीनच्या नव्या कार्पेटवर हेच होणार होतं. क्लिफ बघणार होता. त्याला एडना दाखवून लगेच परत न्यायची, त्यापेक्षा न दाखवलेलीच बरी, असं तिच्या मनात आलं. आणलीच नाही म्हणून सांगायचं. जनीननं परवानगी दिली नाही म्हणायचं. एडनाला खुराड्यात ठेवायचं आणि विषय संपवायचा.

तिनं ब्लीचची बादली उचलली आणि परसात गेली. परत ठेवायची तर खुराडं आधी घासून काढायला हवं.

त्रेचाळीस वर्षांत बेरिलनं खुराडं आतून कधी नीट बघितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र ती रोज बघायची. क्लिफ सगळा भुसा काढायचा, फळी खरवडायचा, नवा भुसा पसरायचा, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातला काळा, चिकटलेला मूठभर भुसा तसाच ठेवायचा. ते बघून तिचा जीव वरखाली व्हायचा. "एवढं केलंस, मग तो एक कोपरा का सोडलास?" ती खिडकीतून ओरडायची. तो मागे न बघता म्हणायचा, "असू दे." तिला वाटायचं, आळस. पुरुषांचा असतो तसला.

आता तिनं दार उघडलं. महिनाभर स्टॅननं साफसफाई केली होती. फळी स्वच्छ, भुसा नवा, पिवळा. मागचा डावा कोपरा काळा.

स्टॅननंही ठेवला होता.

बेरिल वाकून बघत राहिली. बाकी खुराड्यात कुठं, अगदी कुठंही, एक डाग नव्हता. दार, फळ्या, झोपायची पेटी, सगळं कोरडं. जे काही होत होतं ते त्याच एका कोपऱ्यात. हे जनावर आधीपासून शिकलेलं होतं. कदाचित पहिल्या एडनापासूनच सगळ्या शिकलेल्या असाव्यात. एडना जागा डोळ्यांनी शोधत नव्हती. ती नाकानं शोधत होती, आणि बेरिल दिवसातून चार वेळा ती जागा ब्लीचनं पुसून टाकत होती.

तिनं बादली खाली ठेवली.

मग ती घरात पळाली. बहात्तर वर्षांची बाई जेवढी पळू शकते तेवढी. तिनं स्टॅनला फोन लावला.

"तो कोपरा! खुराड्यातला! तू तो मुद्दाम ठेवतोस?"

"कुठला? मागचा? अर्थात," स्टॅन म्हणाला. "नाहीतर तिला कळणार कसं कुठं जायचं ते?"

"मग काल का नाही सांगितलंस, मूर्खा!"

"त्यात सांगायचं काय? ते कोणाला माहीत नसतं?" मग स्टॅनचा आवाज चढला. "थांब. तू ते घमेलं रोज धुतेस? मला वाटलं, लादीबद्दल बोलतेस!"

दुपारच्या बसनं ती फर्नली हाउसला गेली. क्लिफ उशांवर टेकला होता. तिनं कोट न काढताच सगळं सांगितलं, हातवारे करत, एडनाचं सोंगसुद्धा करून दाखवलं, नाटकातल्यासारखं. क्लिफचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. नळीतून हवेचा सू-सू आवाज येत होता.

"त्रेचाळीस वर्षं," बेरिल म्हणाली. "एकदा तरी सांगायचं होतंस ना रे!"

"सांगितलं होतं." त्यानं श्वास घेतला. "सत्याहत्तर साली." पुन्हा श्वास. "तुझ्या हातात... बादली होती."

तिनं त्याच्या हातावर चापटी मारली. त्यानं तो हात धरला.

"माझी डबी," तो म्हणाला. "गोळ्यांची."

"खोकल्याच्या गोळ्या? पाहिजेत?"

त्यानं मान हलवली. "रिकामी. घरी, कोटात. सशांना जाताना... नवं खोकं असलं की... चिमूटभर जुनं." त्यानं बोटांनी चिमूट सोडल्यासारखं केलं. "तू पण ठेव. पर्समध्ये."

"माझ्या पर्समध्ये? रुमालाशेजारी?"

क्लिफनं डोळे मिटले, पण तोंड अजून हसत होतं.

मंगळवारी रात्री घमेल्यात खुराड्याच्या कोपऱ्यातला मूठभर भुसा पडला. बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एडनानं डोळे उघडले. बेरिलनं घड्याळ सुरू केलं आणि या खेपेला तिला उचललं नाही. ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली, कारण हात मोकळे असते तर राहवलं नसतं. एडनानं जांभई दिली. अंग ताणलं. फ्रिजच्या दिशेनं चार पावलं गेली. मग नाक वर उचललं, डावी-उजवीकडे हलवलं, वळली, खोली पार करून सरळ खिडकीखाली गेली, घमेल्यात चढली, मागे सरकली, शेपूट वर.

बेरिल इतकी जोरात ओरडली की मार्जरीनं भिंत ठोकली.

"केलं! मार्जरी, तिनं केलं! आतमध्ये!"

"काय केलं?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"सगळं!"

बुधवारी सात वेळा आत, एकदा बाहेर. तेही दार बंद राहिल्यामुळे, म्हणजे चूक बेरिलचीच. घमेल्यातलं बेरिल चमच्यानं काढत होती आणि दर वेळी थोडं मागं ठेवत होती. ते मागं ठेवताना तिचे दात आवळले जायचे. संध्याकाळी तिनं क्लिफच्या कोटातून डबी काढली, तिच्यात चिमूटभर भुसा भरला, झाकण दाबून लावलं, मग रबर लावला, मग प्लास्टिकची पिशवी, मग आणखी एक पिशवी.

गुरुवारी बसमध्ये एडनाचा पिंजरा मांडीवर, घमेलं पिशवीत पायाशी. शेजारची बाई दोन थांबे नाक मुरडून बसली आणि तिसऱ्या थांब्यावर जागा बदलून गेली. बेरिलला बरंच वाटलं, पाय पसरता आले.

क्लिफच्या खोलीत तिनं घमेलं कपाटासमोरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. एडना बाहेर आली, पलंगाच्या चादरीला लोंबकळत वर चढली, क्लिफच्या छातीवर उभी राहिली, त्याची हनुवटी हुंगली आणि पायजम्याच्या बाहीत शिरली. कोपरापर्यंत. तिथं वळली आणि मनगटातून तोंड बाहेर काढलं.

"काय, सासूबाई," क्लिफ म्हणाला. एका श्वासात.

दहा चाळीसला एडनाला जाग आली, ती खाली उतरली आणि घमेल्यात गेली. जनीन दारातूनच बघत होती. "अरे वा!" ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा पुन्हा मुख्यांसारखा झाला. "चार वाजायचेत अजून."

साडेबारा वाजता बेरिल क्लिफचं जेवण आणायला खाली गेली. परत आली तेव्हा जनीन खोलीतून बाहेर पडत होती, हातात रबरी मोजे.

"मी घमेलं धुऊन ठेवलंय," ती म्हणाली. "जंतुनाशक घालून. तुम्हीच शिकवलंत ना, घाण दिसली की तिथल्या तिथं गेली पाहिजे."

बेरिलनं आत बघितलं. घमेलं चमकत होतं. डबी पर्समध्ये होती, पण आता हे जनीनला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. तीस वर्षांपूर्वी त्या पोरीच्या पाठीवर थाप मारून तिनं हेच शब्द उच्चारले होते.

दोन वाजून पाच मिनिटांनी क्लिफच्या बाहीतून जांभई देणारं तोंड बाहेर आलं.

"जनीन!" बेरिलनं हाक मारली. "ये. बघायचंय ना, बघ."

जनीन आली. एडना उतरली. अंग ताणलं. घमेल्यापाशी गेली, हुंगलं, आणि नाक फेंदारून मागे हटली. वळली. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कार्पेटकडे उलटी पावलं टाकायला लागली. एक. दोन.

"मिसेस ऑलरेनशॉ..." जनीन म्हणाली.

बेरिलनं पर्स उघडली. रुमाल, किल्ल्या, पिशवी, दुसरी पिशवी. गाठ सुटेना. तिनं ती दातांनी फाडली. रबर उडाला. झाकण निघालं आणि तिनं डबी घमेल्यावर उलटी केली.

"हे काय टाकलंत?" जनीन ओरडली.

"गप्प!" हे क्लिफ म्हणाला होता. तो उशीवरून उठून बसला होता.

एडनाची शेपूट वर होती. ती थांबली. नाक वर गेलं. डावीकडे, उजवीकडे. कार्पेटवर, कपाटाच्या कडेला, ती जवळजवळ टेकलीच होती. मग शेपूट खाली आली. ती तुरुतुरु चालत घमेल्यात शिरली, मागे सरकली, कोपऱ्याला टेकली.

खोलीत फक्त ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज होता.

"झालं?" क्लिफनं विचारलं. त्याला पलंगावरून दिसत नव्हतं.

बेरिल वाकली. "झालं! क्लिफ, झालं! सोंग नाही, खरं!"

जनीन गुडघ्यावर बसली, कार्पेटवरून तळवा फिरवला, सगळ्या कडेनं. "कोरडं आहे," ती म्हणाली. मग तिनं रिकामी डबी उचलली. "बेरिल, हे तुम्ही पर्समध्ये घेऊन फिरताय? तुम्ही?"

"घमेलं धुवायचं नाही," बेरिल म्हणाली. "दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून लावते. मोठ्या अक्षरांत."

तो कागद हिवाळाभर तिथं होता. एडना बाहीत झोपायची. क्लिफ वाटीभर सूप संपवायचा, कारण शेवटचा चमचा एडनाला द्यायचा असायचा. भिंतीकडे तोंड करून झोपला तर तिला श्वास घ्यायला जागा उरत नव्हती, म्हणून तो दाराकडे वळून झोपायला लागला. चार नंबरच्या म्हाताऱ्या मांजरवाल्या बाईला तो धापा टाकत सशांच्या गोष्टी सांगायचा. रविवारी स्टॅन यायचा आणि मंडळाच्या बातम्या द्यायचा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कार्पेटवर एकही डाग पडला नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात क्लिफ गेला. पहाटे, झोपेत.

दुसऱ्या दिवशी बेरिल खोली रिकामी करायला आली. जनीन म्हणाली, "असू द्या, आमची माणसं करतील." बेरिलनं बादली मागितली. तिनं खिडकी पुसली, पलंगाची चौकट पुसली, पलंगाखाली झोपून मागच्या कडेपर्यंत हात घातला. दारावरचा कागद सोलून काढला, चिकटपट्टीची खूणही काढली. शेवटी घमेल्यातला चिमूटभर भुसा डबीत भरला, झाकण दाबलं आणि डबी पर्समध्ये ठेवली. या खेपेला पिशवी घातली नाही.

घरी स्वयंपाकघरात खिडकीखाली स्टॅननं कापून दिलेलं नवं घमेलं होतंच. तिनं डबी त्यात उलटी केली. एडना पिंजऱ्यातून उतरली, सगळं घर हुंगून आली, क्लिफच्या खुर्चीपाशी बराच वेळ थांबली. मग खिडकीखाली गेली.

शनिवारी, क्लिफ फर्नली हाउसला गेल्यापासून पहिल्यांदाच, बेरिलनं अख्खं घर साफ केलं. वरच्या मजल्यापासून खाली. पायऱ्या, कठडा, लादी, फ्रिजमागचा कोपरा. सगळ्यात शेवटी साबणाचा फेस आणि फडकं घेऊन ती खुर्चीपाशी आली. तिनं खुर्चीचे हात पुसले. पाय पुसले. पाठीची लाकडी चौकट पुसली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

मध्ये, डोक्याच्या जागी, ऑक्टोबरपासूनचा तेलकट डाग होता.

तिनं फडकं पिळलं, दोरीवर वाळत घातलं, आणि बादली मोरीत ओतली.